लिलीपाँडमध्ये नवी सुविधा सुचवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिलीपाँड वापरणाऱ्या मराठी संगीतकारांकडून, त्यातही संगीत शिक्षकांकडून, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. बहुतेकांची मागणी भातखंडे स्वरलिपीशी किंवा तालाच्या आवर्तनाशी निगडित असते, म्हणून उदाहरणेही तिथलीच घेतली आहेत. एकाच मुद्द्याची दोनदा चर्चा टाळण्यासाठी जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लिलीपाँड म्हणजे काय, आणि त्यात “सुविधा सुचवणे” म्हणजे नेमके काय करणे?

लिलीपाँड हा संगीताचे छापील लेखन तयार करणारा मुक्त प्रोग्रॅम आहे. हान-वेन निएनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोन डच संगीतप्रेमींनी १९९६ मध्ये त्याची सुरुवात केली, आणि आज तो ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा भाग आहे. माऊसने स्वर उचलून ओळींवर ठेवण्याची सोय त्यात नाही. स्वर, त्यांचा काळ आणि गीताची अक्षरे आपण साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहितो, आणि प्रोग्रॅम त्यातून पीडीएफ, एसव्हीजी किंवा मिडी तयार करतो. मांडणीचा गाभा सी-प्लस-प्लस भाषेत आहे. त्यावरचा बराचसा व्यवहार स्कीम या भाषेत चालतो आणि तो वापरणाऱ्यालाही खुला असतो.

सुविधा सुचवताना म्हणूनच दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. कागदावर काय उमटावे ही पहिली, आणि ते उमटावे म्हणून फाइलमध्ये काय लिहावे लागेल ही दुसरी. बहुतेक पत्रांत पहिलीचेच वर्णन असते, आणि प्रस्ताव अडतो तो दुसरीपाशी.

२. मला प्रोग्रॅमिंग येत नाही. तरीही प्रस्ताव देता येईल का?

देता येतो, आणि संगीताची बाजू पक्की असलेल्या माणसाने तो अवश्य द्यावा. मात्र एक वस्तुस्थिती आधीच मान्य करावी : लिलीपाँडचे काम स्वयंसेवक करतात, त्यांना कोणी कामे वाटून देत नाही, आणि ज्या सुविधेसाठी कोणीही कोड लिहायला पुढे आलेले नाही ती नोंद वर्षानुवर्षे उघडीच पडून राहू शकते. ती नाकारली गेली असा त्याचा अर्थ होत नाही. ज्याला स्कीमची थोडीफार ओळख आहे असा एखादा विद्यार्थी किंवा सहकारी बरोबर घेतला, तर कच्चा नमुना आपल्याच फाइलमध्ये तयार करता येतो. त्यासाठी लिलीपाँड मुळापासून बांधून काढावे लागत नाही (प्रश्न ११ पाहा).

३. मला हवी असलेली सोय आधीपासूनच नाही ना, हे कसे तपासावे?

सर्वप्रथम आपली लिलीपाँडची आवृत्ती पाहावी. बिंदूनंतरचा आकडा सम असेल तर ती स्थिर आवृत्ती असते, विषम असेल तर विकासाधीन. उदाहरणार्थ डिसेंबर २०२२ मध्ये आलेली २.२४ ही स्थिर मालिका आणि त्यानंतरची २.२५ ही विकासाधीन. नव्या सुविधा विकासाधीन मालिकेतच जमा होतात. तेव्हा जुन्या आवृत्तीत न सापडलेली गोष्ट नव्या आवृत्तीच्या “बदल” या दस्तऐवजात सापडण्याची शक्यता असते.

त्यानंतर नोटेशन संदर्भग्रंथ, मग उदाहरणांच्या तुकड्यांचा संग्रह, आणि शेवटी गिटलॅब या कोड सांभाळण्याच्या संकेतस्थळावरील जुन्या नोंदी, या क्रमाने शोध घ्यावा. शोधताना आपल्या शब्दांबरोबर पाश्चात्त्य संगीतातले शब्दही वापरून पाहावेत. “कण” (मुख्य स्वराला चाटून जाणारा छोटा स्वर) या शब्दाने काहीच मिळणार नाही. “ग्रेस नोट” या नावाने ती सोय पूर्वीपासून आहे. मींडेला (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाण्याला) “ग्लिसँडो” आणि “स्लर” (स्वरांना जोडणारी कमान) ही दोन जवळची नावे आहेत, जरी त्यांपैकी एकही मींडेचा पूर्ण अर्थ देत नाही.

पुष्कळांना आश्चर्य वाटेल अशी बाब म्हणजे गीताचे शब्द देवनागरीत लिहिण्याची सोय मागावीच लागत नाही. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन केलेली असेल आणि संगणकावर देवनागरी फाँट असेल, तर जोडाक्षरे आणि वेलांट्या नीट उमटतात. आपण स्वतः ठेवलेली नावे, म्हणजे ‘स्थायी’ आणि ‘अंतरा’ यांसारखी चलांची नावेही देवनागरीत चालतात.

४. माझी अडचण ही त्रुटी आहे की नव्या सुविधेची मागणी?

दस्तऐवजात जे घडेल असे म्हटले आहे ते घडत नसेल, किंवा प्रोग्रॅम मध्येच बंद पडत असेल, तर ती त्रुटी. दस्तऐवजात ज्याचा उल्लेखच नाही ते हवे असेल, तर ती सुविधा. मधला प्रकारही असतो : सोय आहे, पण तिचा परिणाम आपल्या संगीतात चुकीचा ठरतो. अशा वेळी त्रुटी म्हणून भांडत बसण्यापेक्षा सुविधा म्हणून मांडावे.

५. प्रस्तावात काय काय लिहावे?

प्रस्तावाची सुरुवात संगीतातल्या अडचणीपासून करावी, उपायापासून करू नये. “अवग्रहासाठी नवी आज्ञा द्या” असे पहिले वाक्य लिहिले की वाचणारा त्या आज्ञेच्या नावावरच चर्चा सुरू करतो, आणि आज्ञेची गरज कशामुळे पडली हे कोणालाच कळत नाही.

हेच उदाहरण पुढे नेऊ. भातखंडे पद्धतीत गीताचे एखादे अक्षर पुढच्या मात्रांवर लांबले, तर त्या प्रत्येक मात्रेखाली अवग्रहाचे चिन्ह (ऽ) लिहितात. लिलीपाँडमध्ये अक्षर लांबले की त्याच्यापुढे आडवी रेघ काढण्याची सोय आहे, पण ती रेघ मात्रा मोजत नाही. यावर “मग अवग्रह हेच एक अक्षर समजून टंकित करा” असा सल्ला कोणीतरी देणारच, आणि प्रत्येक मात्रेवर वेगळा स्वर असेल तेव्हा तो सल्ला बरोबरही आहे. अडचण तेव्हा येते, जेव्हा स्वर एकच असून तो तीन मात्रांचा असतो : त्याच्याखाली अक्षर एक आणि अवग्रह दोन हवेत, पण प्रोग्रॅम गीताची अक्षरे स्वरांना एकास एक अशी जोडतो, त्यामुळे उरलेल्या दोन अवग्रहांना टेकायला जागाच नसते. स्वर स्लरने जोडलेले असले, तरी असेच होते. त्या स्वरांवर प्रोग्रॅम नवे अक्षर घेत नाही, आणि ती सवय मोडण्यासाठी वेगळा गुणधर्म बदलावा लागतो. आज यावर खात्रीचा एक मार्ग म्हणजे गीताच्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र काळ देऊन लिहिणे. परंतु मग चालीत एक मात्रा बदलली की गीताची ओळही हाताने दुरुस्त करावी लागते.

प्रस्तावाचा कणा हा एवढाच आहे. कुठे अडते, आजचा मार्ग कोणता आणि तो कोणत्या ठिकाणी अपुरा पडतो, हे आधी सांगावे. मग आपल्याला फाइलमध्ये काय लिहायला आवडेल त्याच्या दोन-तीन ओळी द्याव्यात. अपेक्षित छपाईचे चित्र जोडावे. वहीत हाताने काढून त्याचा फोटो दिला तरी चालतो, किंबहुना तो अधिक बोलका असतो. शेवटी आपल्याला ठाऊक असलेले अपवाद प्रामाणिकपणे मांडावेत. अपवाद लपवले म्हणजे प्रस्ताव लवकर मान्य होतो, हा समज चुकीचा आहे.

६. नमुन्याची फाइल किती मोठी असावी?

अडचण दिसण्यापुरती, म्हणजे बहुधा चार ते आठ ओळींची. पूर्ण बंदिश कधीही पाठवू नये. लिलीपाँडच्या मंडळींचा छोट्या उदाहरणांवर कटाक्ष असतो, आणि त्यामागे कारण आहे : फाइल छाटता छाटताच निम्म्या वेळा आपली स्वतःची चूक सापडते. फाइलच्या पहिल्या ओळीत आवृत्तीची नोंद असायलाच हवी. नमुन्यात कोणाची रचना वापरावी याविषयी प्रश्न १७ पाहा.

७. स्वरांना “सा रे ग म” ही नावे द्यावीत, एवढाच माझा प्रस्ताव आहे. तो पुरेसा नाही का?

सर्वाधिक पत्रे याच प्रश्नाची असतात, आणि याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते.

फाइलमध्ये लिहिण्याची नावे हा पहिला भाग. लिलीपाँडमध्ये स्वरांची मूळ नावे डच पद्धतीची आहेत, पण इंग्लिश, जर्मन, इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच अशा अनेक भाषांतील नावे एका आज्ञेने निवडता येतात. ही नावे म्हणजे स्कीममधली एक यादी असते, आणि तिच्यात आपली यादी स्वतःच्या फाइलमधून भरता येते. तेवढ्यासाठी गाभ्यात बदल मागण्याची गरज नाही.

दुसरा भाग अवघड आहे. इटालियन, फ्रेंच वगैरे यादीतला ‘दो’ हा अचल आहे. हार्मोनियमच्या भाषेत बोलायचे तर तो नेहमी पांढरी एकच. आपला षड्ज चल आहे. तेव्हा सगळी बंदिश पांढरी एकला ‘सा’ मानून लिहायची आणि नंतर गायकाच्या पट्टीत नेण्यासाठी स्थानांतराची आज्ञा द्यायची, हा सोपा मार्ग मनात येतो. पाच रेघांच्या छपाईत तो बिनचूक चालतो. पण लिलीपाँडमध्ये स्वरांची नावे मजकुरात छापण्याचाही एक प्रकार आहे, आणि स्थानांतर हे नाव छापण्याच्या आधीच झालेले असते. त्यामुळे बंदिश काळी चारमध्ये नेली की ‘सा’ च्या जागी कागदावर कोमल धैवत उमटतो. शिक्षकाने एवढे कष्ट घेऊन तयार केलेला कागद विद्यार्थ्याला शब्दशः चुकीचे स्वर शिकवतो.

म्हणून खरी मागणी नावांची नसून “छापताना षड्जाच्या संदर्भाने नाव ठरवा” ही आहे. आणि तिला लिलीपाँडमध्येच आधार सापडतो. अमेरिकेतल्या शेप-नोट परंपरेत स्वराच्या डोक्याचा आकार त्या स्वरसप्तकातील त्याच्या स्थानावरून ठरतो, चौकोन, त्रिकोण, गोल असा; ते आकार काढताना प्रोग्रॅम ‘टॉनिक’ (आधारस्वर) नावाच्या गुणधर्माकडे पाहतो, आणि हा गुणधर्म पट्टीच्या आज्ञेतून ठरून स्थानांतराबरोबर आपोआप सरकतो. “आकारांसाठी जे आज होते तेच नावांसाठी व्हावे” असे एका वाक्यात लिहिले, तर भारतीय संगीत कधीही न ऐकलेल्या माणसालाही मागणी लगेच उमगते. परक्या परंपरेतला असा पूर्वदाखला शोधणे हे प्रस्ताव लिहिण्यातले सर्वांत फायद्याचे काम आहे, असे माझे मत आहे.

८. युनिकोडमध्ये टिंबे आणि रेघा देऊन माझे काम भागते. मग एवढा खटाटोप कशासाठी?

वर्गात वाटायचा एक कागद हवा असेल, तर खरोखरच कशासाठीही नाही. वेदपाठातली अनुदात्ताची आडवी रेघ कोमल स्वराखाली उसनी घेता येते, आणि स्वरिताची उभी रेघ तीव्र मध्यमावर देता येते. दिसायला ते ठीक दिसते.

पण तार सप्तकाचे टिंब म्हणून ‘ग’ वर अनुस्वार दिला की संगणकाच्या दृष्टीने तो ‘गं’ होतो, आणि मंद्र सप्तकासाठी खाली नुक्ता दिला की ते उर्दू उच्चाराचे अक्षर बनते. मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम तार गांधाराला “गं” म्हणतो, शोध घेताना तार आणि मध्य गांधार वेगळी अक्षरे ठरतात, आणि अशा मजकुराची ना पट्टी बदलता येते ना त्याचे मिडी ऐकता येते. लिलीपाँडच्या फाइलमध्ये स्वर म्हणजे उंची आणि काळ असतो, टिंब ही त्याची केवळ छापील खूण. हा भेद प्रस्तावात स्पष्ट करावा, कारण “अमुक चिन्ह काढा” असे लिहिलेत तर “मजकुराचे चिन्ह म्हणून चिकटवा” हेच उत्तर येईल आणि ते चूक म्हणता येणार नाही.

९. भातखंडे स्वरलिपी संपूर्ण एकाच प्रस्तावात मागावी का?

नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या पद्धतीत सप्तकाची टिंबे, कोमल-तीव्राच्या रेघा, लांबलेल्या स्वरासाठी आडवी खूण, एका मात्रेत बसणाऱ्या स्वरांखालचा अर्धवर्तुळाकार कंस, वरची मींडेची कमान, डोक्यावरचा कणस्वर, विभागांच्या उभ्या रेघा आणि तालाची चिन्हे, असे एकमेकांत गुंतलेले अनेक थर आहेत. हे सारे एकदम मागितले तर कोणीही हात घालणार नाही. क्रम लावावा : आधी षड्जसापेक्ष नावे आणि सप्तकाची टिंबे, मग मात्रेचा कंस, मग अवग्रह, मग ताल.

यात मात्रेचा कंस दिसतो तेवढा साधा नाही. भातखंडे लेखनात एका मात्रेत तीन स्वर असोत की पाच, ते नुसते एका कंसावर शेजारी शेजारी लिहिले की त्यांची समान वाटणी गृहीत धरली जाते. लिलीपाँडमध्ये मात्र तीन किंवा पाच स्वरांसाठी ट्युप्लेटची (ठरलेल्या काळात वेगळ्या संख्येने स्वर बसवण्याची) आज्ञा लागते आणि प्रत्येक स्वराचा काळ आकड्यात सांगावा लागतो. तेव्हा कंस छापणे ही एक मागणी झाली, आणि “मात्रा देऊन तिच्यातले स्वर नुसते लिहिता यावेत” ही दुसरी. पहिली छपाईची आहे, दुसरी लेखनाच्या व्याकरणाची, आणि व्याकरणाच्या मागणीला विरोध अधिक होतो (प्रश्न १२ पाहा). दोन्ही वेगवेगळ्या नोंदींत ठेवाव्यात.

१०. भातखंडे आणि पलुस्कर, यांपैकी कोणती पद्धत मूळ धरावी?

प्रस्तावात दोन्हींचा उल्लेख करावा आणि कोणतीही एक गाभ्यात गृहीत धरू नये. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांच्या पद्धतीत मंद्र स्वरावर टिंब येते आणि तार स्वरावर उभी रेघ. भातखंडे पद्धतीत डोक्यावरचे टिंब तार सप्तकाचे. म्हणजे एकच चिन्ह, एकाच जागी, नेमका उलटा अर्थ. पलुस्कर पद्धतीत समेला (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला) १ आणि खालीला (टाळी न देता हात मोकळा ठेवण्याच्या मात्रेला) अधिकचे चिन्ह, तर भातखंडे पद्धतीत समेला फुली आणि खालीला शून्य. फाइलमध्ये सप्तक नेहमीच्याच रीतीने लिहिले जावे आणि कोणती खूण काढायची हे निवडलेल्या शैलीवर सोपवावे, अशी मांडणी केली, तर वादाला जागा राहत नाही. शिवाय दोन शैलींचा आग्रह धरला की रचना आपोआप लवचीक होते, आणि तिसरी आपल्या संस्थेची खास शैली त्यात सहज बसते.

११. माझी सुविधा गाभ्यात यावी की वेगळ्या फाइलमध्ये?

शक्य असेल तिथे वेगळ्या फाइलमध्ये. लिलीपाँडमध्ये अरबी संगीतासाठी आणि तुर्की मकामांसाठी अशाच जोडायच्या फाइली आहेत, आणि नोटेशन संदर्भग्रंथातल्या जागतिक संगीताच्या विभागात त्यांचे वर्णन आहे. तुर्की पद्धतीत पूर्ण स्वराचे नऊ भाग कल्पिलेले असतात. तेही गाभ्याला हात न लावता बसवता आले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

हाच न्याय थाटांना, म्हणजे रागांच्या वर्गीकरणासाठी ठरवलेल्या सप्तकांना, लावून पाहा. बिलावल, खमाज, काफी, आसावरी, भैरवी आणि कल्याण हे सहा थाट आयोनियन, मिक्सोलिडियन, डोरियन, एओलियन, फ्रिजियन आणि लिडियन या नावांनी लिलीपाँडमध्ये आहेतच. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी हे चार नाहीत, पण स्वतःचे सप्तक ठरवून देण्याची सोय असल्याने प्रत्येकी एका व्याख्येत ते तयार होतात. दहाही थाटांची फाइल एका संध्याकाळी लिहून होते. अर्थात थाट म्हणजे राग नव्हे, आणि “यमन रागाची आज्ञा” मागणारी पत्रे पाहिली की भातखंड्यांनीच हा भेद किती वेळा समजावला असेल, असे वाटून जाते.

गाभ्यात बदल तेव्हाच मागावा, जेव्हा स्कीममध्ये लिहिलेल्या एन्ग्रेव्हरलाही आवश्यक माहिती मिळत नाही. एन्ग्रेव्हर म्हणजे स्वरप्रवाह ऐकून छापील खुणा निर्माण करणारा छोटा कारागीर, आणि तो आपल्या फाइलमध्येच लिहिता येतो. असा चालता नमुना जोडला तर प्रस्तावाचे वजन पुष्कळ वाढते.

१२. नवी आज्ञा किंवा नवे चिन्ह सुचवताना व्याकरणाविषयी काय काळजी घ्यावी?

आधी लिहिलेल्या फाइली मोडता कामा नयेत, हा पहिला निकष. मोकळी वाटणारी विरामचिन्हे बहुधा कुठेतरी वापरात असतात : स्वल्पविराम सप्तक खाली नेतो, ऊर्ध्व स्वल्पचिन्ह वर नेते, आणि दोन आडव्या रेघा गीताची अक्षरे जोडतात. म्हणून नवे चिन्ह मागण्याऐवजी नावाची आज्ञा मागावी, आणि तिचे नाव लिलीपाँडच्या रूढ पद्धतीत बसेल असे ठेवावे.

व्याकरण बदलणे अपरिहार्यच असेल, तर जुन्या फाइली नव्या रूपात आणणाऱ्या ‘कन्व्हर्ट-लाय’ या साधनासाठी नियमही द्यावा लागतो. ते साधन फाइलमधली आवृत्तीची नोंद वाचून एकेक नियम लावत जाते. ते केवळ मजकूर शोधून बदलत असल्याने संगीताचा अर्थ लागल्याशिवाय करता न येणारे बदल त्याला जमत नाहीत, आणि “हे हाताने करा” एवढाच इशारा ते देते. तुमच्या प्रस्तावातून असे हाताने करायचे बदल निर्माण होत असतील, तर तो मान्य होण्याची आशा फारशी धरू नये.

१३. तालासाठी प्रस्ताव देताना कोणते अपवाद आधीच सांगावेत?

त्रितालाच्या सोळा मात्रा, चार समान विभाग आणि समेची फुली एवढेच उदाहरण देऊन भागत नाही. झपतालाचे दोन-तीन-दोन-तीन तरी द्यावेच. असमान विभागांची बेरीज दाखवणारी मिश्र मात्रांची आज्ञा लिलीपाँडमध्ये आहे, पण ती विभागाची लांबीच सांगते, टाळी की खाली हे सांगत नाही.

खरी परीक्षा रूपकाची. सात मात्रांच्या या तालात खाली पहिल्याच मात्रेवर येते, म्हणजे सम आणि खाली एकाच जागी. माझ्या पहिल्या मसुद्यात “पहिली मात्रा म्हणजे फुली” असा नियम होता आणि तो मी तीन-चार तालांवर समाधानाने तपासला होता, तेवढ्यात एका तबलावादक मित्राने “आणि रूपक?” एवढेच विचारले. तेव्हापासून प्रत्येक विभागाचे चिन्ह स्वतंत्रपणे सांगता यावे, प्रोग्रॅमने ते ओळखू नये, असेच मी सुचवतो.

दुसरा अपवाद मुखड्याचा आहे. बंदिश समेवर सुरू होईलच असे नाही. ती नवव्या, बाराव्या किंवा इतर कोणत्याही मात्रेवरून उठते. अर्धवट पहिल्या मापाची सोय लिलीपाँडमध्ये आहे, पण आपल्या लेखनात आवर्तनाची ओळ खालीपासून सुरू करून सम मध्यभागी आणण्याचीही पद्धत आहे, आणि तिथे ‘अर्धवट माप’ ही कल्पनाच लागू होत नाही. याचे छापील चित्र दिल्याशिवाय हे कोणाला समजणार नाही.

१४. श्रुती आणि मींड यांचे काय?

श्रुती या प्रस्तावांत आणूच नयेत. लिलीपाँडमध्ये स्वराचा चढ-उतार अपूर्णांकात सांगता येतो, त्यामुळे तांत्रिक अडथळा मोठा नाही; पण बावीस श्रुतींची स्थाने कोणती याविषयी आपल्यातच एकमत नाही, आणि तो वाद परक्या दारात नेऊन सुविधा मिळत नसते. मींडेची कमान स्लरच्या आधाराने आजही काढता येते. मींड कोणत्या स्वराला स्पर्शून जाते हे लिहिण्याची गरज असेल, तर तो कणस्वराच्या जागेचा प्रश्न आहे, आणि तो प्रश्न ९ मधल्या क्रमात शेवटी ठेवावा.

१५. प्रस्ताव पाठवल्यानंतर पुढे काय होते, आणि उत्तर न आल्यास काय करावे?

लिलीपाँडचे काम २०२० पासून गिटलॅबवर चालते. प्रस्ताव तिथे सुधारणेची नोंद म्हणून दाखल होतो, किंवा त्याआधी विकासकांच्या पत्रयादीवर त्याची चर्चा होते. मोठ्या विषयासाठी चर्चा आधी झालेली बरी. कोड तयार झाला की मर्ज रिक्वेस्ट, म्हणजे तो मुख्य कोडमध्ये मिसळण्याची विनंती, येते. मग प्रोग्रॅम आपोआप बांधून पाहिला जातो, आणि रिग्रेशन चाचण्यांची (जुने काही बिघडले नाही ना हे पाहणाऱ्या चाचण्यांची) चित्रे बदलाआधी व बदलानंतर कशी दिसतात याची तुलना होते. आपल्या सुविधेशी काहीही संबंध नसलेल्या चित्रात एखादा स्वर किंचित सरकलेला दिसला, तरी त्याचा खुलासा द्यावा लागतो. परीक्षण झाल्यावर काही दिवसांची उलटगणती ठेवली जाते, आणि त्या अवधीत आक्षेप आला नाही तर बदल मुख्य शाखेत जातो. नव्या सुविधेबरोबर स्वतःची रिग्रेशन चाचणी, दस्तऐवजातला मजकूर आणि “बदल” या दस्तऐवजातली नोंद अपेक्षित असते.

उत्तर आले नाही तर दोन-तीन आठवडे थांबून एक सौम्य आठवण करावी, आणि तिच्यात काहीतरी नवे द्यावे : छाटलेला नमुना, दुसरा पूर्वदाखला किंवा चालता स्कीम कोड. नुसते “यावर काय झाले?” विचारल्याने कोणाचा वेळ मोकळा होत नाही. स्पष्ट नकार आला, तर कारण वाचून पाहावे. “हे गाभ्यात नको” हा नकार बहुधा प्रश्न ११ कडे बोट दाखवत असतो, आणि तो मार्ग खुलाच असतो.

१६. माझे इंग्रजी कच्चे आहे. प्रस्ताव मराठीत पाठवला तर चालेल का?

चर्चा इंग्रजीत चालते, त्यामुळे मराठी प्रस्ताव वाचलाच जाणार नाही. तरी भाषेची भीती बाळगू नये : छोटी वाक्ये, नमुन्याची फाइल आणि चित्र एवढ्यावर काम होते, आणि तिथले अनेक जण स्वतःही इंग्रजी ही परकी भाषा म्हणूनच वापरतात. मींड, खाली, आवर्तन असे आपले शब्द भाषांतरित न करता ठेवावेत आणि प्रत्येकाचा अर्थ पहिल्या वापराच्या वेळी एका वाक्यात द्यावा. ‘खाली’ ला ‘कमकुवत ठोका’ म्हणून मोकळे झाल्यास पुढच्या दहा पत्रांत तो गैरसमज निस्तरत बसावे लागते.

१७. नमुन्यासाठी माझ्या गुरुजींची बंदिश वापरली तर हरकत आहे का?

गुरुजींची परवानगी असली, तरी टाळावे. लिलीपाँडचा कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली असतो, आणि चाचणी किंवा दस्तऐवज म्हणून स्वीकारलेला नमुना कायमचा सार्वजनिक होतो. त्याची कोणीही प्रत काढू शकतो आणि त्यात बदल करू शकतो. अशा वापराची कल्पना परवानगी देणाऱ्याला बहुधा नसते. भारतातील कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे हक्क राहतो, त्यामुळे भातखंड्यांच्या स्वतःच्या लेखनावरील मुदत केव्हाच संपली आहे. परंतु त्यांच्या संग्रहांच्या पुढील आवृत्त्यांत इतरांनी घातलेली भर किंवा हयात वाग्गेयकारांच्या रचना यांना ते लागू होत नाही. सरळ आरोह-अवरोह किंवा स्वतः रचलेला चार मात्रांचा पलटा घ्यावा. अडचण दाखवायला तेवढा पुरतो, आणि प्रश्न ६ मधली लांबीची मर्यादाही त्यातच पाळली जाते.